तांब्याभर पाण्याची निलगिरी

उन्हाळ्यात ती दिवसाला तीन तांबे पाणी पिते. पहिला तांब्या ऊन अंगणात उतरण्याआधी, दुसरा साडेअकराच्या सुमारास आणि तिसरा ऊन कलल्यावर. नवतपा लागला की चौथ्याची भर पडते. तांब्या पितळेचा, आईच्या लग्नातला आहे आणि तो बरोबर लिटरभराचा आहे, हे मी एकदा दुधाच्या मापाने मोजून पाहिले होते. हा हिशेब इतका काटेकोर ठेवण्याचे कारण असे की ज्या झाडाविषयी मी लिहितो आहे, त्याच्या जातीवर आमच्या गावात गेली तीस वर्षे पाणीचोरीचा आळ आहे. कुलरच्या मागच्या आडोशाला, विटांच्या ओट्यावर, एका उथळ मातीच्या कुंडीत पावणेदोन फुटांची निलगिरी उभी आहे. तिचे बूड माझ्या मनगटाहून जाड आहे आणि वय माझ्या थोरल्या मुलीपेक्षा जास्त आहे.

आमचे गाव वरुड तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. इकडे झाड म्हटले की संत्रा. शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांमधून संत्र्याची कलमे दूरदूर जातात, आणि त्या धंद्यात माझी उमर गेली. जंभेरी या लिंबाच्या जातीचे बी पेरावे, रोप पेन्सिलीएवढे जाड झाले की साल चिरून त्यात संत्र्याचा डोळा बसवावा, पट्टी बांधावी आणि डोळा फुटला की वरचा जंभेरीचा शेंडा छाटून टाकावा, हे काम मी सोळाव्या वर्षी शिकलो. आमच्याकडे त्याला डोळा बांधणे म्हणतात. शंभर डोळ्यांमागे मजुरी ठरलेली असे आणि किती डोळे जगले यावर बांधणाऱ्याची पत ठरे. त्यामुळे झाडाकडे पाहताना माझी नजर पानाफुलांआधी डोळ्यावर जाते. कुठल्या पेरावर तो झोपला आहे, कुठे फुगला आहे, छाटल्यावर कोणता आधी जागा होईल, याचा अंदाज हाताला आपोआप येतो. निलगिरीने हा अंदाज पार खोटा ठरवला, म्हणून तिच्याविषयी सांगण्यासारखे काही आहे.

पण आधी बाबांच्या चाळीस झाडांविषयी सांगायला हवे. महाराष्ट्रात १९८२ मध्ये सामाजिक वनीकरणाचे खाते निघाले आणि पुढच्या चारपाच वर्षांत निलगिरीची पिशवीतली रोपे गावोगाव पोहोचली. बाबांनी १९८६ च्या मृगात ती धुऱ्यावर लावली. शेजारच्या काकांचे आणि आमचे वावर जिथे लागते त्या उत्तरेकडच्या धुऱ्यावर, दोन पावलांवर एक अशी. हेतू अगदी साधा होता. कपाशीचा भरवसा नव्हता, आणि आठ-दहा वर्षांत घर बांधायला बल्ल्या निघतील, उरलेले लाकूड कागदाच्या गिरणीकडे जाईल, असे त्यांना कुणीतरी समजावले होते. झाडे खरोखरच वाढली. गुरे त्यांना तोंड लावत नाहीत, म्हणून काटे लावण्याचाही त्रास नव्हता. १९९५ मध्ये पहिली तोड झाली, खुंटांवरून पुन्हा फुटवे आले, ते २००४ मध्ये तोडले. आमच्या घराच्या मागच्या पडवीच्या बल्ल्या त्यातल्याच आहेत.

तोवर गावातल्या विहिरी खाली गेल्या होत्या. काकांची विहीर धुऱ्यापासून लांब नव्हती. एका वैशाखात ती तळ गाठून बसली तेव्हा काका पारावर सर्वांदेखत बाबांना म्हणाले, ‘‘तुह्या निलगिरीनं माही विहीर पिली.’’ बाबा काही बोलले नाहीत. ते भांडणारे नव्हतेच. पण त्या दिवसानंतर त्या वावरात जाताना ते उत्तरेच्या धुऱ्याने कधी गेले नाहीत, लांबून, नाल्याच्या बाजूने वळसा घालून जात.

काकांचे म्हणणे एकट्याचे नव्हते. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यात १९८३ मध्येच शेतकऱ्यांनी निलगिरीची रोपे उपटून टाकली होती, आणि त्याच राज्याने २०१७ मध्ये नव्या लागवडीवर बंदीही घातली. निलगिरीला पाणी मिळाले तर ती भरपूर पिते, तिची मुळे खोल जातात आणि भूजल वर असेल तिथे ती त्याला हात घालते, हे मी नाकारत नाही. मात्र वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी कुणी उपसले, याचे उत्तर चाळीस झाडांच्या एका रांगेत सापडणार नाही. त्याच वीसेक वर्षांत आमच्याकडे संत्र्याच्या बागा वाढल्या, विहिरींच्या पोटात आडवी बोअर मारली गेली, मग उभी बोअर आली, एकाची खोल गेली म्हणून दुसऱ्याची त्याहून खोल गेली. काकांच्या स्वतःच्या वावरात तीन आहेत. आमच्याही वावरात दोन आहेत आणि मी आयुष्यभर याच बागांना रोपे पुरवली, तेव्हा हा आरोप कुणा दुसऱ्यावर ढकलून मला मोकळे होता येत नाही. बाबांना हे सारे दिसत असणार. तरी झाडांच्या बाजूने ते एक शब्दही बोलले नाहीत, कारण संत्र्याचे नाव घेण्याची आमच्या गावात रीत नाही. निलगिरी परकी आहे, तिचे नाव घेणे सोपे.

वामनवृक्षांचा, म्हणजे बोन्सायचा, नाद मला याच्याशी काही संबंध नसताना लागला. नागपूरच्या एका पुष्पप्रदर्शनात मी कुंडीतला वड पाहिला आणि हे तर आपल्या हातचे काम आहे असे वाटले. तसे ते होतेही. वड, पिंपळ, उंबर ही झाडे जुन्या वाड्यांच्या भिंतींत मातीशिवाय वाढतात. त्यांची मुळे अर्धी कापा, पाने सगळी खुडा, ती रागावत नाहीत. माझ्याकडे पडक्या विहिरीच्या कठड्यातून काढलेला एक पिंपळ आहे, ज्याला मी एका वर्षी चुकून दोन आठवडे पाणी दिले नव्हते आणि त्याने फक्त पाने टाकली. अशा झाडांनी माणसाला फाजील विश्वास येतो. त्या विश्वासात मी निलगिरीची दोन रोपे आणली.

पहिले रोप मी पौषात मारले. संत्र्याच्या डोळ्यांचा हंगाम हिवाळ्यातला, तेव्हा हात कामाला लागलेले असतात, म्हणून मी त्याच सुमारास तिची पिशवी फाडली, मधले सोटमूळ कापले आणि कुंडीत बसवली. थंडीत निलगिरीची मुळे काही करत नाहीत. कापलेल्या जागी नवी पांढरी मुळे फुटायला मातीत ऊब लागते, आणि ती ऊब येईतो वरची पाने पाणी मागतच राहतात. पंधरा दिवसांत ते संपले. दुसरे रोप दोन वर्षे जगले आणि मेहुणीच्या लग्नात मेले. आम्ही दोन दिवस गावाला होतो, चैत्र होता, शेजारच्या मुलाने पाणी घालतो म्हटले आणि तो विसरला. परत आलो तेव्हा झाड अगदी टवटवीत दिसत होते. हीच निलगिरीची फसगत आहे. पिंपळ, जास्वंद, मिरची तहानली की माना टाकतात आणि माणसाला बोलावतात. निलगिरीचे कोवळे शेंडे तेवढे लवतात, पण तिचे जून पान चामड्यासारखे ताठ असते. ते मरेपर्यंत उभे राहते आणि मेल्यावरही तसेच राहते. मी समाधानाने पाणी घातले. तिसऱ्या दिवशी पान हातात घेतले तर ते पापडासारखे मोडले, वास मात्र ताजा होता.

बाबा २०१२ मध्ये गेले. त्यानंतर तीन वर्षांनी, त्या वावरात संत्रा लावायचा ठरला तेव्हा, धुऱ्यावरचे जुने खुंट काढायला मी जेसीबी बोलावला. खुंट एकेक करून निघाले आणि नाल्याच्या टोकाला, जिथे बैलगाडी वळते, तिथे जेसीबीच्या दातांत एक विचित्र वस्तू अडकून वर आली. दोन नारळ एकत्र चिकटल्यासारखी लाकडाची गाठ, तिच्या वर बोटभर जाडीचे सातआठ खुरटे खुंट आणि खाली तुटलेली दोन मुळे. मला ती लगेच ओळखू आली. पहिल्या रांगेतली काही रोपे मेली होती, त्यांच्या जागी बाबांनी दोन वर्षांनी नवी लावली होती. त्यातले हे एक गाडीवाटेवर आले. दर वर्षी गाडीचे चाक त्याच्यावरून गेले, दर वर्षी धुरा साफ करताना इळ्याने ते कापले गेले आणि धुरा पेटवला की तेही जळले. सत्तावीस वर्षांत त्याची उंची गुडघ्याच्या वर गेली नव्हती. म्हणजे मी जे काम शिकू पाहत होतो, ते चाक, इळा आणि आग यांनी मिळून माझ्याआधीच करून ठेवले होते.

निलगिरीच्या अनेक जातींत बुडाशी अशी गाठ तयार होते. रोप लहान असतानाच पानांच्या बेचक्यांत ती धरू लागते आणि मातीच्या पातळीला फुगत जाते. तिच्यात अन्न साठलेले असते आणि शेकडो निजलेले डोळे असतात. ऑस्ट्रेलियातल्या रानांना वणव्याची सवय. वरचे सारे जळाले तरी गाठ मातीत वाचते आणि पाऊस पडला की फुटते. खोडातही सालीच्या आत खोलवर असेच डोळे दडलेले असतात, म्हणून वणव्यानंतर तिथली कोळशासारखी काळी खोडे बुडापासून शेंड्यापर्यंत हिरव्या केसांनी भरून गेल्यासारखी दिसतात. संत्र्याचा डोळा डोळ्यांना दिसतो, त्याची जागा ठरलेली असते. निलगिरीचा डोळा सालीत कुठे आहे, हे बाहेरून पाहून सांगता येत नाही. मी एवढी वर्षे डोळे बांधले, पण इथे माझे डोळे उपयोगाचे नव्हते.

गाठ गोणपाटात गुंडाळून घरी आणली. तुटलेली मुळे करवतीने साफ कापली, जखमांना बोर्डो मलम फासले, एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी या संत्र्याच्या हिशेबाने केलेलेच. वरचे खुंट चार बोटांवर छाटले. तळाला भोके पाडलेल्या जुन्या घमेल्यात वाळू आणि मुरूम भरून तिला त्यात बसवले आणि रोपवाटिकेच्या हिरव्या जाळीखाली ठेवले. जेठ महिना होता. घरात कुणाचाच विश्वास नव्हता, सौ. म्हणाली, ‘‘अहो, चुलीला झालं असतं हे.’’ मृगाचा पहिला पाऊस पडला आणि एकविसाव्या दिवशी गाठीच्या एका अंगावर लाल ठिपके दिसले. आठवड्याभरात ते मोजण्यापलीकडे गेले. जिथे मला एक फुटवा हवा होता तिथे चाळीस आले आणि जिथे दहा हवे होते तिथे एकही नाही.

यापुढची तीन वर्षे मी ज्या चुका केल्या त्या बऱ्याचशा कलमवाल्याच्या चुका होत्या. आम्हाला नको असलेला फुटवा लगेच काढायची सवय; संत्र्यावर जोमाने उभा वाढणारा पाणसोट दिसला की हात थांबत नाही. मी चाळीसांतले पाच ठेवून बाकी काढले. निलगिरीने लगेच त्याच जागी तीस नवे काढले आणि ठेवलेल्या पाचांतले दोन वाळवले. पुढच्या खेपेला मी तिला वर्षभर मोकळे सोडले. कोणते फुटवे तिला स्वतःला हवे आहेत ते जाडीवरून दिसू लागले, मग तेवढ्यांतूनच निवड केली. तेव्हापासून ती शांत झाली.

तार बांधण्याचे प्रकरण तर आणखी निराळे. बोन्सायची ॲल्युमिनियमची तार आमच्याकडे मिळत नाही, पण जळालेल्या मोटारीची तांब्याची तार प्रत्येक घरात असते. विजेचा दाब असा की वर्षाला एखादी मोटार जळतेच, आणि वायंडिंगची जुनी तार मऊ, बारीक आणि फुकट असते. ती मी नव्या फुटव्यांना गुंडाळली आणि खाली वाकवायला गेलो, तर पहिलाच फुटवा सालीसकट सोलून हातात आला. सालीतल्या दडलेल्या डोळ्यातून आलेली फांदी पहिल्या वर्षी खोडाला नुसती चिकटलेली असते, तिचे लाकूड आतल्या लाकडात अजून रुजलेले नसते. वर्ष थांबावे, तर तोवर ती इतकी कडक होते की वाकत नाही. मधले चारसहा आठवडे असतात, फांदी हिरवी सोडून तांबूस होऊ लागते तेव्हाचे, त्यातच काय ते करून घ्यायचे. आणि तार काढायला उशीर झाला तर झाड एवढ्या वेगाने जाड होते की तारेचे वळ फांदीवर कायमचे उठतात. आता मी तार गुंडाळत नाही. वाकवायचेच असेल तेव्हा फांदीला सुतळीचा सैल फास घालतो, दुसरे टोक कुंडीच्या काठाला बांधतो आणि दर आठ दिवसांनी थोडे ओढतो, जशी आंब्याची कोवळी फांदी ओढून खाली आणतात तशी.

सर्वांत महागात पडलेली गोष्ट मात्र वेगळी आहे. पिंपळाची फांदी कुठेही कापा, एकही पान ठेवू नका, ती मागून फुटते. मी निलगिरीची डावीकडची चांगली जाड झालेली फांदी तशीच, दोन पेरांवर, बिनपानांची कापली. तिने ती फांदी सोडून दिली. महिन्याभरात फांदी खोडापर्यंत वाळली आणि झाडाने आपली ताकद उजवीकडच्या शेंड्यात वळवली. निलगिरी मोठी होतानाही हेच करते. सावलीत पडलेल्या, उत्पन्न न देणाऱ्या खालच्या फांद्या ती सांभाळत बसत नाही, टाकून देते, आणि म्हणूनच तिचे खोड उंचच्या उंच निर्मळ वाढते. एखाद्या फांदीवर पाने नाहीत म्हणजे ती फांदी तिच्या लेखी नाही. मग डोळे उघडून दुसरीकडे नवी फांदी काढणे तिला जुनी वाचवण्यापेक्षा सोपे वाटते. तेव्हापासून मी खालच्या फांदीचे पान खुडत नाही आणि वरचा शेंडा मात्र आठवड्याला खुडतो. पावसाळ्यात तर चार दिवसांत तो दोन बोटे वर जातो. संत्र्याच्या बागेत पावसाळ्यानंतर आम्ही वाळलेली सल काढतो, ती झाडाच्या आजारपणाची खूण मानतो. निलगिरीची सल काढताना तसे वाटत नाही. तिने हिशेब करून जे टाकले ते आपण उचलतो, इतकेच.

सुरुवातीला माझ्यासमोर जपानी देवदारांची चित्रे होती. आडव्या फांद्या, त्यांवर ढगांसारखे हिरवे थर. मी दोन वर्षे निलगिरीला तसे करू पाहिले आणि ती एखाद्या वऱ्हाडी म्हाताऱ्याला टाय बांधावा तशी दिसू लागली. मग एके दिवशी मोर्शीच्या रस्त्याला बसची वाट पाहत एका जुन्या निलगिरीखाली उभा होतो. उन्हाने अंगाची लाही होत होती आणि एवढ्या मोठ्या झाडाखाली सावली अशी नव्हती. वर पाहिले. तिची जून पाने इळ्याच्या पात्यासारखी वाकडी असतात आणि देठापासून सरळ खाली लोंबतात, दुपारचा सूर्य डोक्यावर आला की पानाची धार त्याच्याकडे होते. पान भाजत नाही, पाणी वाचते आणि ऊन मधून गळून जमिनीवर येते. फांद्या मात्र वर जातात, कोनात, हात उंचावल्यासारख्या, आणि हिरवळ फक्त टोकांना झुबक्यांनी असते. मधे सगळे आकाश. घरी येऊन मी सगळ्या सुतळ्या सोडल्या. आता माझ्या निलगिरीच्या फांद्या वर जातात आणि टोकाची पाने लोंबतात. कुंडीत राहून पाने लहान झाली आहेत, वीतभराची बोटभर झाली आहेत, पण लोंबण्याची रीत तीच आहे. तिची सावली ओट्यावर पडते ती चाळणीतून पडल्यासारखी.

या झाडाला निलगिरी म्हणतो खरे, पण निलगिरी हे पर्वताचे नाव. तिथे इंग्रजांनी १८४३ च्या सुमारास सरपणासाठी ही झाडे लावली आणि तिथून आलेल्या तेलावरून झाडालाही तेच नाव पडले. त्याआधी पन्नासेक वर्षे बंगळूरजवळच्या नंदीच्या टेकडीवर टिपू सुलतानाच्या वेळी ती लावली गेल्याचे सांगतात. शास्त्रातले नाव एका फ्रेंच माणसाने १७८८ मध्ये दिले. कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीत, १७७७ साली, टास्मानियाच्या एका बेटावरून नेलेल्या फांदीवरून. युकॅलिप्टस म्हणजे नीट झाकलेले. कळीवर एक टोपी असते, ती पडली की आतून केसरांचा झुपका उघडतो. आमच्या धुऱ्यावरच्या जातीची टोपी लांब, शिंगासारखी होती. लहानपणी आम्ही भाऊ त्या वेचून बोटांत घालत असू. माझ्या कुंडीतल्या झाडाला अजून फुलोरा आलेला नाही. सारखा शेंडा खुडत राहिल्यावर तो येणार तरी कसा, आणि त्यासाठी हात आवरायला मी तयार नाही. याच कुळात जांभूळ, पेरू आणि लवंग येतात, हे मला फार उशिरा कळले. जांभळाचे फूल भिंगातून पाहिले तेव्हा टोपी आणि केसर दोन्ही ओळखीचे निघाले.

मातीविषयी थोडे. आमची काळी कपाशीची माती कुंडीत चालत नाही. पावसात ती लोण्यासारखी चिकटते आणि उन्हात भेगाळून मुळे तोडते. मी वीटभट्टीवरच्या फुटक्या विटा आणि उतरवलेल्या घराचे कवेलू कुटून चाळतो. गव्हाच्या दाण्याहून मोठे आणि हरभऱ्याहून लहान तेवढे घेतो, त्यात चाळलेला मुरूम आणि मूठभर जुने शेणखत. दर दुसऱ्या वर्षी, मृगाचे दोन चांगले पाऊस होऊन हवेत दमटपणा आला की, कुंडी उलटी करून बाहेरची एक तृतीयांश मुळे कापतो आणि तेवढीच वरची पाने कमी करतो. पौषातली चूक पुन्हा केली नाही. कुंडी गावच्या कुंभाराने केली. ‘‘एवढ्या उथळ भांड्यात झाड?’’ म्हणून त्याने दोनदा विचारले आणि शेवटी परातीच्या मापावर ती घडवली. उन्हाळ्यात मी ती खरोखरच परातीत ठेवतो, तळाला बोटभर पाणी राहील अशी. वडाची मुळे अशाने कुजली असती. निलगिरीच्या या जाती नदीकाठच्या, पुरात उभ्या राहिलेल्या. त्यांना पाय ओले चालतात.

इथे मला संत्र्याचा ताण आठवतो. आंबिया बहार घ्यायचा तर हिवाळ्यात बागेचे पाणी तोडावे लागते. झाड पिवळे पडते, काही पाने टाकते, आणि मग पाणी सोडले की फुलांनी भरते. झाडाला तहानेने वळवायचे, हे आमच्या धंद्याचे मर्म. लोकांना वाटते की बोन्सायही उपाशी-तहानलेले ठेवूनच लहान राहते. काकांनीही तेच विचारले, आणि त्यांच्या विचारण्यात थोडी आशा होती असे मला वाटले: ‘‘काहून गा, हिले पाणी कमी देतं काय?’’ मी म्हणालो, ‘‘नाही काका, पोटभर देतो. कमी दिलं तर मरते.’’ ती लहान राहते ती कात्रीने आणि कुंडीच्या काठाने. ताण तिला एक दिवसही सोसत नाही. धुऱ्यावर जे झाड खोल जाऊन स्वतःची तहान भागवते, तेच इथे माझ्या तांब्यावर अवलंबून आहे. ते किती पिते हे मला लिटरमध्ये ठाऊक आहे, आणि बाबांच्या चाळीस झाडांचे पाणी कुणी असे मोजले नव्हते. मी या आकड्याने काही सिद्ध करत नाही. कुंडीतली पावणेदोन फूट निलगिरी आणि धुऱ्यावरची साठ फुटांची यांची त्रैराशिके मांडायला मी काही तलाठी नाही.

चार वर्षांपूर्वी तिच्या पानांच्या शिरांवर आणि देठांवर गुलाबी गाठी आल्या. मला आधी वाटले, फुटव्याचे डोळेच असावेत, आणि मी खूश झालो. ती गांधीलमाशीच्या जातीच्या एका किड्याची घरे होती, तीळभर लांबीचा काळा किडा, ऑस्ट्रेलियाचाच. आपल्याकडे तो २००१ च्या सुमारास कर्नाटकात पहिल्यांदा दिसला आणि मग निलगिरीच्या मागे देशभर गेला. फवारणीने तो आत मरत नाही. मी गाठींची पाने एकेक काढून चुलीत घातली. त्या दिवशी स्वयंपाकघरात सर्दीच्या मलमाचा वास भरला होता. खालची फांदी बिनपानांची होईल या भीतीने तिथली चार रोगट पाने तशीच ठेवली. ती फांदी वाचली.

काका आता ऐंशीच्या पुढे आहेत. दुपारी कुलरसाठी म्हणून आमच्याकडे येऊन बसतात. त्यांच्या तीन बोअरपैकी एकच चालते आणि तिला रात्री तासभर पाणी येते. गेल्या हिवाळ्यात छाती भरली तेव्हा त्यांनी सौ.कडे वाफाऱ्यासाठी निलगिरीचा पाला मागितला. एवढ्याशा झाडाचा पाला तो किती? पण वरचे खुडायचेच होते, म्हणून मी मूठभर शेंडे दिले. त्यांनी एक पान चोळून नाकाशी धरले आणि बराच वेळ तसेच धरून ठेवले. मग म्हणाले, ‘‘तुह्या बापानं लावली ते धुऱ्यावरची, तिचाच वास हाये का हा?’’ मी हो म्हटले. गाठ तीच आहे, हे त्यांना मी तोवर सांगितले नव्हते.

यंदा मृग कोरडा गेला आणि कुंडी बदलायची राहिली. आर्द्रात दोन सरी आल्या, पण हवा अजून उन्हाळ्याचीच आहे. मी दोन वर्षे जपलेली डावीकडची दुसरी फांदी तिने पुन्हा टाकली. या वेळी पाने होती, तरी टाकली. तिच्याऐवजी मागच्या बाजूला, जिथे जेसीबीच्या दाताचा ओरखडा अजून उघडा आहे, त्याच्या दोन बोटे वर एक डोळा फुटला. संत्र्याच्या हिशेबाने तो नको असलेला फुटवा. मी कात्री घेऊन गेलो होतो. तोवर त्याला चार पाने आली होती, लाल देठांची. मी कुंडी अर्धी फिरवली. आता ओरखडा दाराकडे आहे आणि दुपारचा तांब्या त्याच बाजूने घालतो.